प्रत्येक चट्टा नायटा नसतो

संध्याकाळी सातनंतर वसई रोड, नालासोपारा किंवा विरार स्थानकाबाहेरच्या एखाद्या औषधाच्या दुकानापाशी पाच मिनिटे उभे राहिले, तर एक संवाद हमखास कानावर पडतो. ‘दादा, नायट्याची ट्यूब द्या.’ ‘कुठे झालाय?’ ‘पाठीवर.’ दुकानदार मागे वळतो, फळीवरून ट्यूब काढतो, सुटे पैसे परत करतो. संवाद संपला. गिऱ्हाईक चर्चगेटहून उभ्याने आलेले असते, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला असतो, घरी स्वयंपाक तरी असतो किंवा वालीवच्या कारखान्यातली रात्रपाळी तरी. डॉक्टरकडे जायचे म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी बुडणार. म्हणून त्या माणसाला बोल लावण्यात अर्थ नाही. पण त्या पाठीवर नेमके काय आहे, हे दुकानदाराने पाहिलेले नसते आणि ज्याची पाठ आहे त्यालाही ती दिसलेली नसते.

नायटाच असेल, अशी शक्यता बरीच असते. दमट हवा, घाम, अंगाला घट्ट बसणारे कपडे, एकाच खोलीत पाच-सहा माणसे, एकच टॉवेल. खाडी आणि समुद्र यांच्यामध्ये वसलेल्या या पट्ट्यात बुरशीला आणखी काय हवे? तरीही पाठीवरचा प्रत्येक गोल चट्टा नायटा नसतो. एक आजार तर असा आहे की, त्याला वर्षानुवर्षे नायटा समजून मलमे फासली जातात, आणि तो मात्र स्वतःच्या वेळापत्रकाने येतो आणि स्वतःच्या वेळापत्रकाने जातो.

त्याचे नाव पिटिरियासिस रोझिया. शब्दशः अर्थ लावला तर ‘गुलाबी कोंडा’. फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ कामीय जिबेर यांनी 1860 मध्ये हे नाव दिले. आधी छातीवर, पोटावर किंवा पाठीवर एकच मोठा, लंबगोल चट्टा उठतो. त्याच्या कडेला आतल्या बाजूने कोंड्याची झालर असते. हा पहिला चट्टा म्हणजे दवंडी पिटणारा. पुढच्या काही दिवसांत, कधी दोन आठवड्यांत, तसेच लहान लहान चट्टे धडभर उगवतात आणि बरगड्यांच्या रेषेत तिरपे बसतात. पाठीकडून पाहिले तर सुरूच्या झाडाच्या खाली झुकलेल्या फांद्या दिसाव्यात तशी नक्षी. खाज कधी असते, कधी नसते. बहुतेकांचे सहा ते आठ आठवड्यांत आपोआप बरे होते. रोगी बहुतेक वेळा दहा ते पस्तीस या वयातला असतो, म्हणजे लोकलच्या दारात लटकणारा किंवा कॉलेजला जाणारा.

हा आजार महाराष्ट्रात चिकाटीने अभ्यासणाऱ्यांमध्ये नाशिकचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. विजय झंवर यांचे नाव आधी घ्यावे लागेल. त्यांचे काम प्रयोगशाळेच्या पांढऱ्या भिंतींमागचे नाही. नाशिकच्या बाह्यरुग्ण विभागात समोर बसलेल्या माणसाचा शर्ट वर करून पाठ नीट पाहायची, चट्टे मोजायचे, छायाचित्र घ्यायचे, पुन्हा बोलावायचे आणि जे दिसले ते लिहून जगापुढे ठेवायचे, हे त्यांच्या संशोधनाचे स्वरूप. 2009 मध्ये त्यांनी एका सहकाऱ्यासह हा आजार एकाच रुग्णात पुन्हा पुन्हा उद्भवल्याची नोंद प्रसिद्ध केली. पुस्तकात तर तो आयुष्यात बहुधा एकदाच होतो असे लिहिलेले असते. 2010 मध्ये एका तान्ह्या बाळाच्या तळहातांवर आणि तळपायांवर उठलेल्या चट्ट्यांची नोंद आली. त्याच वर्षी नेहमीपेक्षा कितीतरी मोठ्या आकाराच्या चट्ट्यांची. मुंबईच्या डॉ. हेमांगी जेराजानी यांच्याबरोबर त्यांनी या आजाराविषयी जगभरात जे कळले आहे त्याचा आढावाही 2010 मध्ये लिहिला.

त्यांच्या कामात एक जोडीदार वारंवार दिसतो : हाँगकाँगचे डॉ. अँटोनियो चू. चू यांची पार्श्वभूमी कुटुंबवैद्यकाची, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत फॅमिली डॉक्टरची. विषाणूंमुळे किंवा विषाणूंच्या संशयाने अंगावर जी पुरळे उठतात, त्यांवर या दोघांनी मिळून बरेच लिहिले. मुलांच्या गालांवर, कोपरांवर, गुडघ्यांवर आणि कुल्ल्यांवर उठणारे जियानोटी-क्रोस्टी पुरळ हा त्यातला एक विषय. मिलानच्या फर्डिनांडो जियानोटी यांनी ते 1955 मध्ये वर्णिले. सुरुवातीला त्याचा संबंध हेपॅटायटिस बी या काविळीच्या विषाणूशी लावला गेला. पुढे कळले की एप्स्टाइन-बार आणि इतर अनेक विषाणूंनंतर, कधी लसीनंतरही, ते उठते. आईबाप घाबरून जातात. चेहरा आणि हातपाय फोडांनी भरलेले आणि मूल मात्र खेळतेय, जेवतेय. अशा वेळी ‘हे काही आठवड्यांत जाईल, काही फासू नका’ असे ठामपणे सांगणारा डॉक्टर लागतो, आणि तो ठामपणा अशाच नोंदींतून येतो.

चू यांनी 2003 मध्ये पिटिरियासिस रोझिया ओळखण्याचे निकष मांडले. चट्टे गोल किंवा लंबगोल हवेत, बहुतेकांवर कोंडा हवा, निदान दोन चट्ट्यांना कडेची झालर आणि मध्ये मोकळी त्वचा हवी. शिवाय चट्टे मुख्यतः धडावर असणे, बरगड्यांच्या दिशेने असणे किंवा आधी तो दवंडीवाला चट्टा येऊन गेलेला असणे, यांपैकी एक तरी खूण हवी. आणि काही गोष्टी असता कामा नयेत : चट्ट्यांच्या मध्यावर बारीक पाण्याचे फोड, तळहात-तळपायांवर पुरळ, किंवा उपदंशाच्या (सिफिलिसच्या) दुसऱ्या टप्प्याची लक्षणे. हाँगकाँगमध्ये बांधलेले हे माप भारतातल्या त्वचेला बसते का? झंवर आणि चू यांनी ते भारतीय रुग्णांवर तपासले आणि 2013 मध्ये निष्कर्ष ‘इंडियन जर्नल ऑफ डर्मेटॉलॉजी’त छापले. माप मोठ्या प्रमाणात बसले. पण तळहातांवर चट्टे उठलेले ते तान्हे बाळही झंवर यांच्याच नोंदीत आहे. नियम तपासणारा आणि नियमाबाहेरचा रुग्ण न लपवणारा एकच माणूस असतो, तेव्हा त्या कामावर विश्वास बसतो.

उपदंशाचा उल्लेख वर सहज आलेला नाही. त्या आजाराच्या दुसऱ्या टप्प्यात अंगभर उठणारे पुरळ पिटिरियासिस रोझियाची हुबेहूब नक्कल करू शकते. रक्ताची साधी व्हीडीआरएल चाचणी फरक सांगते. दुकानातल्या ट्यूबने पुरळ पुसट झाले आणि उपदंश आत तसाच राहिला, तर त्याची किंमत पुढे हृदय, मेंदू आणि पोटातले मूल मोजते.

आता मूळ प्रश्न. हे चट्टे उठतात कशामुळे? 1997 मध्ये इटलीतल्या फ्रान्चेस्को द्रागो आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये या आजाराचा संबंध मानवी हर्पीस विषाणू 7 शी जोडला. त्याचा भाऊबंद असलेला विषाणू 6 हाही संशयितांत आहे. हे दोन्ही विषाणू अनुक्रमे 1990 आणि 1986 मध्ये सापडले आणि जगातल्या जवळजवळ प्रत्येक माणसाच्या अंगात ते बालपणीच शिरलेले असतात. बहुतेकांना आयुष्यभर पत्ता लागत नाही. प्रतिकारशक्ती त्यांना कोपऱ्यात बसवून ठेवते. कधी तरी तिचे लक्ष ढळते, दुसऱ्या एखाद्या संसर्गाशी ती झुंजत असते, आणि कोपऱ्यातला पाहुणा उठून बसतो. कोविडच्या काळात, आणि कोविडच्या लसींनंतरही, या पुरळाच्या नोंदी जगभरातून आल्या, त्यामागे हेच कारण असावे असे अनेक अभ्यासकांना वाटते. विषाणूवादाबद्दल शंका घेणारेही आहेत. आणि ती चर्चा खुली आहे, हे सांगण्यात कमीपणा नाही.

गर्भवती स्त्रीला हे पुरळ उठले, तर मात्र गाफील राहू नये. द्रागो यांनी 2008 मध्ये अशा 38 स्त्रियांची माहिती मांडली. त्यांतल्या पाच जणींचा गर्भपात झाला होता. नंतरच्या निरीक्षणांत धोका इतका मोठा दिसला नाही. तरी पहिल्या तिमाहीत पाठीवर असे चट्टे आले, तर प्रसूतितज्ज्ञाला ते दाखवायलाच हवेत.

झोपलेला विषाणू आणि जागे राहणारे शरीर यांची ही गोष्ट मराठी घरांना खरे तर जुनी आहे. तिचे नाव नागीण. छातीच्या किंवा कमरेच्या एका बाजूने आगीसारखी आग होते, दोन दिवसांनी पाण्याच्या फोडांचा पट्टा उठतो, आणि आजी म्हणते, नागिणीचे तोंड आणि शेपूट मिळाले की माणूस वाचत नाही. मग काव किंवा गेरू फासला जातो, उतारा काढणाऱ्याकडे धाव घेतली जाते. तोंड आणि शेपूट मिळत नाही, कारण विषाणू एका बाजूच्या एका मज्जातंतूच्या वाटेने चालतो आणि ती वाट पाठीच्या कण्यापाशी सुरू होऊन पोटाच्या मध्यरेषेपाशी संपते. आजीचे निरीक्षण अचूक होते, पट्टा खरोखर अर्धाच असतो. फक्त भीती चुकीची होती. खरा धोका वेगळाच आहे. पहिल्या 72 तासांत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या नाहीत, तर फोड लांबतात. म्हाताऱ्या माणसात तर ते वाळल्यावरही महिनोन्‌महिने टिकणारी वेदना मागे राहू शकते. डोळ्याजवळ नागीण उठली, तर दृष्टी जाऊ शकते. गेरू फासण्यात जे तीन दिवस जातात, ते हेच तीन दिवस असतात.

कांजिण्या आणि नागीण यांचा विषाणू एकच, आणि लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या गाठीत दडून बसून पुढे नागीण होतो, हे आज शाळेतल्या पोरालाही सांगता येईल. हा सिद्धांत पुराव्यानिशी मांडणारा माणूस कोणत्या मोठ्या संस्थेतला होता? कुठल्याच नाही. एडगर होप-सिम्प्सन हे इंग्लंडमधल्या सायरन्सेस्टर या छोट्या गावातले साधे डॉक्टर. सुमारे साडेतीन हजार माणसे त्यांच्या दवाखान्याशी जोडलेली. 1947 पासून 16 वर्षे त्यांनी आपल्याकडे आलेला नागिणीचा प्रत्येक रुग्ण वहीत टिपला. एकूण 192. वय वाढते तसे प्रमाण वाढते, गावात कांजिण्यांची साथ असो वा नसो नागिणीला फरक पडत नाही, हे त्या वहीतून उमटले, आणि 1965 मध्ये त्यांनी सांगितले की हा बाहेरून आलेला संसर्ग नाही, आतला जुनाच विषाणू जागा झालेला आहे. रेणवीय चाचण्यांनी शिक्कामोर्तब केले ते कितीतरी नंतर.

एक डॉक्टर, एक वही, 16 वर्षे. नाशिकच्या झंवर यांचे काम याच घराण्यातले आहे. वसई-विरारला हे सांगावेसे वाटते, कारण इथे रोज त्वचेच्या तक्रारी पाहणारे डॉक्टर आहेत, रुग्ण तर अगणित आहेत. वही मात्र दिसत नाही.

तरुण माणसाला नागीण उठली तर अनुभवी त्वचारोगतज्ज्ञ एचआयव्हीची चाचणी सुचवतो. हा संशय नव्हे, शिकलेला धडा आहे. मुंबईच्या रुग्णालयांतल्या त्वचा व गुप्तरोग विभागांनी 1980च्या दशकाच्या अखेरीपासून एचआयव्हीचे रुग्ण पाहिले, आणि पुष्कळदा पहिली खूण त्वचेवरच होती : वेळेआधी आलेली नागीण, चेहराभर पसरलेले मोलस्कम, दाद न देणारे चामखीळ. प्रतिकारशक्ती कुठे कमी पडतेय, हे रक्ताच्या आधी त्वचा सांगते.

उलटेही घडते. कधी प्रतिकारशक्ती जास्तच खवळते आणि आपल्याच पेशींवर धावून जाते. कोड त्यातूनच येते. रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींना शरीराचेच सैनिक मारून टाकतात. म्हणून कोड संसर्गाने पसरत नाही, शिवल्याने होत नाही, मासे आणि दूध एकत्र खाल्ल्याने तर मुळीच होत नाही. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी ‘श्वेता असोसिएशन’ उभारून कोड असलेल्यांना एकत्र आणले, लग्नाच्या बाजारातल्या अपमानावर उघड बोलायला शिकवले. औषधाइतकेच ते काम मोलाचे आहे. पेम्फिगस नावाच्या आजारात तर त्वचेच्या पेशींना एकमेकींशी बांधणाऱ्या प्रथिनांवरच हल्ला होतो आणि अंगभर फोड फुटतात. एके काळी तो जिवावर उठायचा. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरिचा यांनी 1980च्या दशकात महिन्यातून तीन दिवस शिरेतून औषध देण्याची पद्धत बसवली आणि असंख्य जीव वाचले. आणि गांधी, म्हणजे अंगावर उठणारे पित्त, सहा आठवड्यांहून जास्त टिकले तर अनेकदा त्यामागेही आपल्याच प्रतिपिंडांचा खेळ असतो. नेरुळच्या डॉ. किरण गोडसे यांनी आपली कारकीर्द या एका तक्रारीच्या अभ्यासाला दिली. कोकम सरबत पिऊन पित्त शमेल, असे सांगणारे घरोघरी आहेत. त्यांना त्या रुग्णाची रात्रीची झोप ठाऊक नसते.

वसईच्या मातीला त्वचेचा आजार आणि माणुसकी यांचे नाते नवे नाही. गोन्सालो गार्सिया वसईत जन्मले, आणि जपानमध्ये क्योटो इथे फ्रान्सिस्कन संन्याशांनी कुष्ठरुग्णांसाठी रुग्णालये काढली तेव्हा ते त्यांच्याबरोबर होते, दुभाषाचे काम करत. 1597 मध्ये नागासाकीत त्यांना क्रुसावर चढवले गेले. वसईतले महाविद्यालय आज त्यांचे नाव चालवते. चारशे वर्षांनंतरही कुष्ठरोगाचा प्रश्न संपलेला नाही : जगात दर वर्षी आढळणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतातले, आणि जव्हार-मोखाड्यासारखा आदिवासी भाग असलेल्या पालघर जिल्ह्याला तर या बाबतीत डोळ्यांत तेल घालून राहायला हवे. कुष्ठरोगाचा चट्टाही एकाच जंतूचे दोन चेहरे दाखवतो. प्रतिकारशक्ती जोरात असेल तर एक-दोन बधिर चट्टे, कमकुवत असेल तर अंगभर गाठी. ही श्रेणी रिडली आणि जॉपलिंग यांनी 1966 मध्ये लावून दिली. चट्ट्यावर पिसाने किंवा कापसाच्या टोकाने स्पर्श केला आणि तो कळला नाही, की डॉक्टरला दाखवायचे, इतकी साधी ही खूण आहे. दुकानाच्या काउंटरवर ती कोणी पाहत नाही.

आणि इथे संशोधनाने एक सुंदर वळण घेतले. मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये वसंत रामजी खानोलकर, कमल रणदिवे आणि बापट यांनी 1958 मध्ये कुष्ठरुग्णांच्या ऊतींतून एक जीवाणू वाढवला. पुढे त्यापासून लस तयार करण्याचे प्रयत्न मुंबईतच झाले. दिल्लीत डॉ. जी. पी. तलवार यांनी दुसऱ्या एका निरुपद्रवी जीवाणूपासून कुष्ठरोगाची लस बनवली. तलवार यांची ही मारलेल्या जीवाणूंची लस आता त्वचारोगतज्ज्ञ चामखिळात टोचतात. चामखीळ विषाणूचा, लस जीवाणूची. पण टोचलेल्या जागी प्रतिकारशक्ती जागी होते, तिला शेजारी बसलेला विषाणू दिसतो आणि कित्येकदा एका चामखिळात टोचल्यावर बाकीचेही गळून पडतात. घोड्याचा केस बांधून किंवा चुना लावून चामखीळ घालवणाऱ्या पिढ्यांनंतर आलेला हा उपाय मोठ्या भांडवलाशिवाय, साध्या बाह्यरुग्ण विभागांतून रुळला, ही आपल्या डॉक्टरांची कमाई आहे.

एक अडचण मात्र पुस्तकांतूनच येते. त्वचेच्या आजारांची जगभरची चित्रे गोऱ्या कातडीवरची. तिथे ‘गुलाबी’ म्हटलेला चट्टा सावळ्या पाठीवर गुलाबी दिसतच नाही. तो तपकिरी, जांभळट, कधी राखाडी दिसतो. लंडनमध्ये वैद्यकीचे शिक्षण घेणाऱ्या मलोन मुकवेंडे या विद्यार्थ्याने 2020 मध्ये काळ्या-सावळ्या त्वचेवरची लक्षणे दाखवणारी पुस्तिका सहकाऱ्यांसह तयार केली, तेव्हा तिची जगभर चर्चा झाली. नाशिकच्या रुग्णांची छायाचित्रे भारतीय नियतकालिकांत छापून येत होती, ती त्याच्या कितीतरी आधीपासून. पुणे, नाशिक, विजापूरच्या डॉक्टरांनी आपल्या रंगाच्या त्वचेचे दस्तऐवज उभे केले, याचा अभिमान बाळगायला हवा आणि त्यात भर घालायला हवी.

आता पुन्हा त्या ट्यूबकडे. अशा मिश्र मलमांत बुरशीचे औषध, जिवाणूंचे औषध आणि जोडीला तीव्र स्टिरॉइड असते, बहुधा क्लोबेटासोल. स्टिरॉइड खाज दोन दिवसांत शमवते, लाली उतरवते, आणि रोग्याला वाटते, बरे झाले. प्रत्यक्षात त्याने त्या जागेवरच्या प्रतिकारशक्तीचे तोंड दाबलेले असते. बुरशी असेल तर ती निवांत पसरते; कडा पुसट होतात, एका वर्तुळात दुसरे वर्तुळ उमटते आणि पुढच्या डॉक्टरला ओळखणे अवघड होते. मांडीवर, काखेत कायमचे वळ उठतात. चेहऱ्यावर लावले तर कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुम फुटतात, आणि लावणे थांबवले की आग भडकते. भारतातल्या अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या आणि 2011 मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2,926 रुग्णांपैकी 433 जण चेहऱ्यावर स्टिरॉइड लावत होते, आणि त्यातल्या 257 जणांना ते सुचवणारी व्यक्ती डॉक्टर नव्हती. शेजारीण, पार्लर, दुकानदार, भाऊ.

परिणाम एवढ्यावर थांबले नाहीत. भारतीय उपखंडात नायट्याची एक चिवट बुरशी पसरली. टर्बिनाफिन या हुकमी औषधाला ती अनेकदा जुमानत नाही. 2020 मध्ये जपानी संशोधकांनी तिला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव दिले, म्हणजे नावातच भारत. 2023 मध्ये न्यूयॉर्कमध्ये तिचे रुग्ण सापडल्याचे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने जाहीर केले. स्टिरॉइड मिश्रित मलमांचा बेसुमार वापर हे या पसरण्यामागचे एक मोठे कारण असल्याचे त्वचारोगतज्ज्ञ वर्षानुवर्षे ओरडून सांगत आहेत. केंद्र सरकारने मार्च 2018 मध्ये त्वचेवर लावायच्या 14 स्टिरॉइडयुक्त औषधांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्री न करण्याच्या यादीत घातले. कायदा आहे. संध्याकाळी सातनंतर तो स्थानकाबाहेरच्या काउंटरवर कुठे असतो, हे अन्न व औषध प्रशासनाने एकदा गिऱ्हाईक बनून पाहावे.

वसई-विरार महापालिका 3 जुलै 2009 रोजी अस्तित्वात आली. वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार या नगरपरिषदा आणि आजूबाजूची गावे मिळून. 2011 च्या जनगणनेतच इथली लोकसंख्या 12 लाखांवर गेली होती. त्यानंतर किती इमारती उभ्या राहिल्या, हे लोकलच्या खिडकीतून कुणालाही दिसते. एवढ्या माणसांच्या त्वचेचा हिशेब कुणीतरी ठेवायला हवा. अर्नाळ्याच्या कोळीवाड्यात मिठाच्या पाण्यात उभे राहून काम करणाऱ्या बाया, पानवेलींच्या आणि फुलांच्या वाड्यांवर खत-औषध हाताळणारे हात, वालीवच्या कारखान्यांतले रसायनांशी रोज गाठ पडणारे कामगार आणि पावसाळ्यात नालासोपाऱ्याच्या तुंबलेल्या पाण्यातून चालत जाणारी शाळकरी मुले. एका शहरात इतके वेगवेगळे त्वचेचे प्रश्न मुंबईतही सहसा एकत्र सापडायचे नाहीत.

करायचे काय, ते फार खर्चिक नाही. महापालिकेच्या सर डी. एम. पेटिट आणि तुळिंज या रुग्णालयांत आणि आरोग्य केंद्रांत त्वचेच्या प्रत्येक रुग्णाची एक ओळीची नोंद ठेवा : वय, काम, किती दिवसांपासून, आधी काय लावले, काय निदान झाले. रुग्णाची परवानगी घेऊन एक छायाचित्र. शंका असेल तिथे ई-संजीवनी या सरकारी दूरवैद्यक सेवेतून तज्ज्ञाला दाखवा. ती सेवा आहेच. वर्षाअखेरीस त्या नोंदींवर एखाद्या तरुण डॉक्टरला बसवा. तीन पावसाळ्यांनंतर या शहराजवळ जे ज्ञान असेल, ते दुसऱ्या कुणाजवळ नसेल. एखादा गोवराचा समूह वेळेत लक्षात येईल. 2022 मध्ये गोवंडीत गोवराने मुले दगावली, हे विसरता येत नाही. गोवर तर अंगावर पुरळ उठवून थांबत नाही. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या 77 मुलांच्या अभ्यासातून 2019 मध्ये दिसले, की गोवरानंतर मुलांची इतर रोगांविरुद्ध कमावलेली प्रतिपिंडे 11 ते 73 टक्क्यांपर्यंत पुसली गेली होती. पुरळ पाहणारे डोळे आणि लिहिणारी वही एवढ्यासाठीही लागते.

खासगी डॉक्टरांकडूनही एक अपेक्षा आहे. वसई-विरारमध्ये दिवसाला साठ-सत्तर रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरला लेख लिहायला वेळ नाही, हे मान्य. पण दोन मिनिटे पाठ उघडून पाहायला आणि कापसाच्या टोकाने चट्टा तपासायला वेळ काढता येईल. ‘हा नायटा नाही, याला औषध लागणार नाही, सहा आठवडे थांबा’ असे सांगून रुग्णाला रिकाम्या हाताने परत पाठवायला धैर्य लागते, कारण रिकामा हात रुग्णाला आवडत नाही. ते धैर्य दाखवणाऱ्या डॉक्टरचे शुल्क देताना रुग्णानेही कुरकुर करू नये.

आणि ज्याच्या पाठीवर, छातीवर किंवा मुलाच्या अंगावर आज चट्टा आहे, त्याने एवढे करावे. दुकानात जाण्याआधी घरातल्या कुणाला तरी उजेडात पाठ पाहायला सांगावी आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. स्पर्श कळतो का, ते तपासावे. आजवर लावलेली प्रत्येक ट्यूब, अर्धी रिकामी असली तरी, फेकून न देता पिशवीत घालून डॉक्टरसमोर ठेवावी. डॉक्टरने रागावू नये, आणि रोग्याने लाजू नये.